फॅन लागला की टेंपरेचरचा काटा धाडकन खाली. सेन्सर बदलू का?

खंबाटकीचा_चढ
गाडी २०१२ची पेट्रोल हॅचबॅक. डॅशवर टेंपरेचरचा काटाच नाही. इंजिन गार असताना निळा दिवा, उकळायला आलं की लाल, मधलं काहीच कळत नाही. लाल दिवा लागेपर्यंत किती उशीर झालेला असतो ते मागच्या एप्रिलमध्ये खंबाटकी चढताना कळलं. हेड गॅस्केटचं बिल अजून पाकिटात आहे.

म्हणून नाना पेठेतून ५२ एमएमचा मीटर, एका वायरीचा सेंडर (पाण्याचं तापमान मीटरला कळवणारा सेन्सर) आणि ३२ एमएमचं अ‍ॅल्युमिनियमचं अडॅप्टर आणलं. रेडिएटरचा वरचा होजपाइप कापून मध्ये घरीच बसवलं. होज रबरी, म्हणून अडॅप्टरला अर्थिंगची वेगळी वायर जोडून ती रेडिएटरच्या पट्टीवरच्या बोल्टला दिली.

आता दोन भानगडी. चालू केल्यावर सात-आठ मिनिटं काटा ४० वरून हलत नाही (मीटर ४० पासूनच आहे), मग भसकन ८५. आणि फॅन लागला की त्याच क्षणी ९५ वरून ८५. फॅन बंद झाला की परत वर. मेकॅनिक म्हणतो फॅन गार करतोय, बरोबरच आहे. मला पटत नाही. चार लिटर पाणी एका सेकंदात दहा डिग्री उतरतं होय?

वायरमन_काका
फॅन बंद असताना हेडलाइट लाव आणि काटा बघ.

खंबाटकीचा_चढ
काका, आत्ताच खाली जाऊन बघून आलो. हेडलाइटलाही पडतो! चार-पाच डिग्री.

वायरमन_काका
मग सेन्सरला हात लावू नकोस. हेडलाइटनं पाणी गार होत नाही.

सेंडर तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, मीटर तेवढंच बघतो. त्या बोल्टवर फॅनचं आणि हेडलाइटचंही अर्थिंग असणार, आणि बोल्ट रंगावर आवळलेला किंवा गंजलेला. फॅनचा करंट तिथून जायला लागला की बोल्टवर थोडे व्होल्ट अडकतात, सेंडरच्या वाट्याचा करंट घटतो, मीटरला वाटतं पाणी गार झालं. सेंडरची अर्थिंगची वायर सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला ने, मीटरचीही तिथेच. आणि सेंडरच्या आट्यांना टेफ्लॉन टेप भारंभार गुंडाळली नाहीस ना? एका वायरीच्या सेंडरचं अर्थिंग त्या आट्यांतूनच होतं.

निळी_जीप
एवढा खटाटोप कशाला? गाडीच्या मूळ सेन्सरच्या वायरीतूनच जोड घ्यायचा.

वायरमन_काका
अजिबात नको. त्या वायरीवर ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, हिशेब चालतो. दुसरा मीटर लटकवलास की त्याला इंजिनाचं तापमान चुकीचं दिसणार आणि पेट्रोलही चुकीचं सोडणार.

ग्रीसवाली
सात-आठ मिनिटांचं काळजीचं नाही. थर्मोस्टॅट (गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) साधारण ८२-८८ला उघडतो, तोवर वरच्या होजमध्ये गरम पाणी येतच नाही. सुरुवातीला होजला हात लावून बघा, कोमटच लागेल.

पण एक ध्यानात ठेवा. पाणी सांडून गेलं तर हा सेंडर कोरडा लटकतो आणि इंजिन जळत असताना काटा आरामात ७० दाखवतो. डॅशवरचा तो लाल दिवा काढून टाकू नका. आणि होज कापलात म्हणजे आत हवा शिरली असणार. हवा काढलीत का? गाडी गार असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं, हीटर फुल गरमवर ठेवून इंजिन चालू ठेवायचं, बुडबुडे थांबेपर्यंत कुलंट घालत राहायचं.

खंबाटकीचा_चढ
झालं! बोल्टखाली खरंच रंग होता, नखानं खरवडला तर पापुद्रा निघाला. दोन्ही वायरी निगेटिव्हला नेल्या. फॅन, हेडलाइट, हॉर्न, सगळं एकदम लावलं, काटा ढिम्म. हवाही काढली, पाऊण लिटर कुलंट गेलं.

सेंडर काढलाच होता म्हणून उकळत्या पाण्यात धरून बघितला, वायर लांबवून, बॉडीला अर्थिंगचा चिमटा लावून. मीटर ९७. साताऱ्यात पाणी शंभरच्या दोन-तीन डिग्री आधीच उकळतं, तेव्हा मीटर पास. आईनं ते पातेलं मात्र घरात परत घेतलं नाही. ते आता बोनेटखाली गळणाऱ्या क्लिपच्या खाली ठेवलंय. क्लिप उद्या आवळतो.