लोक फोन का करत नाहीत, मेसेजच का करतात?

पवननगरचा मेकॅनिक

नमस्कार मंडळी, प्रश्न साधाच आहे पण पंधरा दिवस झाले डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहितोय. माझं नाशिकला सिडकोत पवननगरला वॉशिंग मशीन-फ्रिज रिपेअरिंगचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. आधी दुकानाचा फोन दिवसभर वाजायचा, आता सकाळी शटर वर करेपर्यंत मोबाइलमध्ये तीस-चाळीस मेसेज येऊन पडलेले असतात आणि त्यातल्या निम्म्यांत एवढंच, "मशीन चालत नाहीये, कधी येता". आता यावरून मी काय समजायचं? टॉप लोड आहे की फ्रंट लोड, पाणी भरतंय का, ड्रम फिरतोय का, पाणी बाहेर जातंय का, एकेक विचारायचं, ते तासाभराने उत्तर देणार, तोवर मी दुसऱ्याच कुणाच्या तरी बाथरूममध्ये मशीन उघडून बसलेलो, म्हणजे माझं उत्तर अजून दोन तासांनी. फोनवर दीड मिनिटाचं काम आहे हे. मी तर सांगतो फोन मशीनजवळ धरा आणि स्पिनला लावा. बेअरिंग गेलं असेल तर विमान उठल्यासारखी घरघर येते, आणि ड्रेन पंपात नाणं नाहीतर केसांची पिन अडकली असेल तर पंप नुसता हूं हूं करतो, पाणी जागचं हलत नाही. आवाज ऐकला की तो पार्ट निघतानाच पिशवीत टाकतो, माझी दुसरी चक्कर वाचते आणि गिऱ्हाइकाचा दिवस वाचतो.

पण हे झालं धंद्याचं. खरं दुखणं वेगळं आहे. मुलगी पुण्याला नोकरीला आहे, पीजीत राहते. फोन केला की उचलत नाही आणि पाच मिनिटांनी मेसेज येतो, "बोला पप्पा". अगं बोलायलाच तर फोन केला होता. मागच्या महिन्यात मी रोज विचारायचो जेवलीस का, बरी आहेस का, रोज उत्तर, "हो, ठीक". नंतर तिच्या मैत्रिणीकडून कळलं की त्यातले पाच दिवस ती तापाने फणफणलेली होती, सलाइन लावावं लागलं. मी पाच दिवस ते "ठीक" वाचलं आणि निवांत झोपलो. नुसतं "हॅलो" म्हणाली असती तरी मला कळलं असतं हो. लोकांच्या मशीनचा आवाज ओळखतो मी, माझ्या पोरीचा ओळखला नसता का?

रागावून विचारत नाहीये. आजकालच्या मुलांना फोनवर बोलायला नेमकं काय जड जातं ते मला खरंच समजून घ्यायचंय. जे स्वतः असं करतात त्यांनीच सांगा.

इंदिरानगर ते हिंजवडी

काका, मी असंच करते. वय २५, घर इंदिरानगरला, नोकरी पुण्यात, राहते पीजीत, म्हणजे तुमच्या मुलीसारखंच सगळं. त्यामुळे तिच्या वतीने नाही पण माझं सांगते.

पहिली गोष्ट, बोलायला जागाच नसते. खोलीत आम्ही तिघी, एकीची रात्रपाळी असते ती दिवसा झोपलेली, दुसरीची मीटिंग चालू, ऑफिसात सगळा हॉल उघडा, शेजारच्या टेबलावरच्याला माझं घरचं सगळं ऐकू जाणार. मग जिन्यात जायचं, तिथे रेंज नाही, गच्चीवर जायचं, तिथे आधीच दोघी आपापल्या घरी बोलत उभ्या असतात. मेसेज मी कुठेही बसून करू शकते, कुणाला कळतही नाही.

दुसरी गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. माझे आजोबा गेले तेव्हा सकाळी सव्वाअकरा वाजता बाबांचा फोन आला होता. एरवी बाबा कधीच त्या वेळी करायचे नाहीत. त्याला आता तीन वर्षं झाली, पण अजूनही अवेळी स्क्रीनवर "बाबा" दिसलं की पोटात गोळा येतो, आणि उचलल्यावर कळतं की गॅसचं बुकिंग कसं करायचं एवढंच विचारायचं होतं. रिंग नुसती वाजते ना, कशासाठी वाजतेय ते सांगत नाही. मेसेजच्या पहिल्या ओळीतच कळतं काय आहे ते.

आणि आता त्या "ठीक"बद्दल. काका, मीसुद्धा असं लिहिलंय. ताप होता तेव्हा आईला मेसेज केला "मस्त, आत्ताच जेवले". आईचा आवाज ऐकला असता तर मी पहिल्या वाक्यालाच रडले असते, आणि मी रडले असते तर आई रात्रीच्या गाडीने निघाली असती, तिच्या गुडघ्यांचं ते तसं, घरी आजी एकटी. आवाज आवरता येत नाही, टायपिंग आवरता येतं. म्हणून फोन उचलला नाही. तुमच्या मुलीला तुमच्याशी बोलायचं नव्हतं असं प्लीज समजू नका, तुम्ही ओळखाल हे तिला पक्कं माहीत असणार आणि म्हणूनच तिने उचलला नसणार.

एक करून बघा. फोन करायच्या आधी एक ओळ टाका, "सहज करतोय, घरी सगळे बरे आहेत, मोकळी झालीस की कर". माझ्या बाबांनी हे सुरू केलं तेव्हापासून मी स्वतःहून करते.

गोदाकाठची मावशी

मी टेलिफोनच्या ट्रंक बोर्डावर नोकरी केली, १९७९ ला लागले. तेव्हाचं सांगते म्हणजे फोन महाग होता तेव्हा लोक कसे बोलायचे ते कळेल. बाहेरगावी बोलायचं तर कॉल बुक करायचा आणि वाट बघत बसायचं, ऑर्डिनरी असेल तर कधीकधी अर्धा दिवस. घाई असेल तर अर्जंट, आणि अगदीच जिवावरचं असेल तर लाइटनिंग, त्याचा दर ऑर्डिनरीच्या आठपट. पीपी कॉल म्हणजे ठरलेला माणूसच फोनवर यायला हवा. तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये शिरून विचारायचो, वाढवायचं का? लोक काय बोलायचं ते कागदावर लिहून आणायचे, आधी मुद्द्याचं बोलून घ्यायचे आणि शेवटच्या दहा सेकंदांत "तू बरी आहेस ना" हे घाईघाईने. बोर्डावर बसून हे किती वेळा कानावर पडलंय त्याचा हिशेब नाही. म्हणजे मेसेजसारखं तुटक बोलणं आजच्या पोरांनी आणलं असं नाही, पैसे मोजत होतो तेव्हा आम्हीही तसंच बोलायचो. आणि दारात तारवाला दिसला की वाचायच्या आधीच बायका रडायला लागायच्या, त्या वरच्या मुलीला रिंग ऐकून जे होतं तेच. तार २०१३ च्या जुलैत बंद झाली, ती भीती काही बंद झाली नाही.

आता माझं. जन्मभर कानाला हेडफोन लावून बसले आणि आज मला फोनवरचं नीट ऐकू येत नाही. कानात मशीन आहे, समोरच्या माणसाचं समजतं, फोनवर मात्र "साठ" म्हणाले की "आठ" समजतं. सून डॉक्टरची वेळ फोनवर सांगायची आणि मी हो हो म्हणायचे, कारण तिसऱ्यांदा "काय गं?" विचारायची लाज वाटते, आणि एकदा पाचच्या ऐवजी चारला जाऊन बसले. आता ती लिहून पाठवते. मी अक्षरं मोठी करून ठेवली आहेत, चष्मा लावून दोनदा वाचते, आणि उत्तर माइकचं बटण दाबून बोलून टाइप करते. बहिणीशी माझ्या वर्षभर धड बोलणं होत नव्हतं ते या मेसेजमुळे परत सुरू झालं. तेव्हा भाऊ, मेसेज करणारे सगळे तरुणच असतात असं धरू नका. काहींना ऐकू येत नाही, काहींना बोलताना अडखळायला होतं, त्यांना हे फार मोठं वरदान आहे.

सातपूरचा नेटवर्कवाला

मावशींनी पैशाचं काढलं म्हणून पुढचं मी जोडतो, मी याच कामात आहे. जगातला पहिला एसएमएस गेला ३ डिसेंबर १९९२ ला, इंग्लंडमध्ये, त्यात फक्त "मेरी ख्रिसमस" एवढंच होतं. एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं मावायची १६०, पण देवनागरीत लिहिलं की फक्त ७०, कारण आपल्या अक्षराला जागा जास्त लागते. म्हणूनच तर आपण सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला शिकलो, काना-मात्रा सगळं सोडून. आपल्याकडे २००३ पर्यंत मोबाइलवर इनकमिंगलाही पैसे पडायचे, म्हणजे तुम्ही मला फोन केला तर माझाही खिसा हलका. मग मिस्ड कॉलची भाषा आली, एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. दिवाळीला आणि ३१ डिसेंबरला मेसेजचा पॅक चालायचा नाही, पूर्ण दर लागायचा, म्हणून लोक शुभेच्छा आदल्या दिवशीच पाठवून मोकळे. २०११ मध्ये ट्रायने, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, जाहिरातींचा त्रास थांबवायला दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली, दोन महिन्यांत ती २०० करावी लागली, यावरूनच बघा लोक किती लिहीत होते.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि कॉल फुकट झाले. मला तेव्हा वाटलं होतं आता लोक बोलतच सुटणार. झालं वेगळंच. कॉल फुकट झाले तसे कर्जवाले, प्लॉटवाले, क्रेडिट कार्डवाले सगळ्यांचेच सुरू झाले, वर पोलिस असल्याचं सांगून "डिजिटल अरेस्ट"ची धमकी देणारे चोर. माझ्या वडिलांनी अनोळखी नंबर उचलणं बंद केलंय आणि मीच त्यांना तसं सांगितलंय. आता खरा कुरिअरवाला खाली उभा राहून फोन करतो तोही ते उचलत नाहीत. आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, पैसे गेले की पहिला फोन तिथेच, तेव्हा मेसेज करत बसू नका.

दिंडोरीचा बागायतदार

राम राम. आमच्याकडे द्राक्षबाग आहे, मी दोन्ही वापरतो आणि कुठे काय ते कामाने ठरतं. पानावर डाऊनी, म्हणजे बुरशीचा रोग, दिसली की फोनवर कितीही वर्णन करा, सल्लागाराला काय कळणार? वरून तेलकट पिवळा डाग, पान उलटं केलं की खाली पांढरी बुरशी, दोन्ही बाजूंचे फोटो काढून पहाटे पाचला टाकतो, तो साताला उठून बघतो आणि औषधाचं नाव, प्रमाण सगळं लिहून देतो. तेच नाव फोनवर ऐकलं तर मी दुकानात जाऊन भलतंच घेऊन येईन. ट्रॅक्टरवर असलो की फोन ऐकूही येत नाही, ब्लोअरचा आवाज एवढा असतो.

पण मालाचा भाव मी मेसेजवर कधीच ठरवत नाही. व्यापारी "बघू" लिहितो त्याचा अर्थ दहा निघतात, फोनवर तोच "बघू" म्हणाला की लगेच कळतं याला माल हवाय की हा नुसता चाचपतोय. भाव ठरला की मग मात्र मी लगेच मेसेज टाकतो, "ठरल्याप्रमाणे अमुक भाव, अमुक तारखेला काढणी" आणि त्याच्याकडून "ओके" घेतो. एकदा हे केलं नव्हतं, तोंडी भावावर माल काढला आणि पैसे द्यायच्या वेळी किलोमागे चार रुपये खाली आले. पुरावा काय, तर काहीच नाही.

आणि अवकाळी आली, गारा पडल्या, की कुणी टाइप करत नाही भाऊ. तेव्हा सगळा गाव फोनवर असतो, आणि कुणी काही फार बोलतही नाही, तुझ्याकडे पडला का, हो पडला, बस.

तुमच्या गिऱ्हाइकांना आवाजच रेकॉर्ड करून पाठवायला सांगा की, मशीनचा. आम्ही मोटारीचा पाठवतो मेकॅनिकला.

पवननगरचा मेकॅनिक

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं लिहाल असं वाटलं नव्हतं. उत्तर द्यायला आठवडा लागला कारण आधी करून बघितलं.

दिंडोरीकर भाऊंचं ऐकून दुकानावर पाटी लावली आणि तीच मेसेजच्या स्टेटसलाही ठेवली, "मशीनच्या स्टिकरचा फोटो आणि चालू मशीनचा १० सेकंद आवाज पाठवा, मी फोन करतो". चार दिवसांत अकरा जणांनी पाठवला, त्यातल्या आठ जणांकडे पहिल्याच चकरेत काम झालं. आणि मावशी, तुमचं वाचल्यावर आठवलं, राणेनगरचे एक आजोबा कायम मेसेजच करतात आणि मी फोन केला की "मेसेज करा" म्हणून ठेवून देतात. मला ते खडूस वाटायचे. परवा त्यांच्याकडे गेलो तर दोन्ही कानांना मशीन. चुकलंच माझं.

मुलीचं सांगतो. रविवारी रात्री साडेनऊला लिहिलं, "सहज आठवण आली, घरी सगळे बरे, मोकळी झालीस की कर". काहीच आलं नाही. दहा वाजले, साडेदहा वाजले, बायको म्हणाली झोपा आता. अकरा दहाला फोन वाजला. गच्चीवरून बोलत होती, मागे पाण्याची टाकी भरून वाहत असल्याचा आवाज येत होता. तापाचं मी काढलंच नाही, तिनेच काढलं. म्हणाली पप्पा तुमचा फोन आला तेव्हा हाताला सुई होती, उचलला असता तर बोलताच आलं नसतं. इंदिरानगरच्या मुली, तू लिहिलंस ते जसंच्या तसं. मी तेव्हा गप्पच बसलो, तीही थोडा वेळ गप्प होती, नुसतं टाकीचं पाणी ऐकत होतो दोघं.

आता ठरलंय, बुधवारी आणि रविवारी रात्री फोन, बाकी दिवस मेसेज. आणि ताप आला तर "ठीक" लिहायचं नाही, थर्मामीटरवरचा आकडा लिहायचा.