स्पीती : आई-बाबांना मनालीमार्गे न्यावं की शिमल्यामार्गे?

पायवाट : नमस्कार. सप्टेंबरमध्ये आई-बाबांना (वय ६४ आणि ६९) घेऊन हिमाचलमधल्या स्पीती खोऱ्यात जायचंय. हातात नऊ दिवस आहेत. बाबांना बीपीची गोळी चालू आहे. मनालीहून अटल बोगद्यातून गेलं तर एका दिवसात काझा (स्पीतीतलं मुख्य गाव) गाठता येतं म्हणतात. शिमल्याकडून जाण्यात काही फायदा आहे का? आणि चंद्रताल तलावाजवळ मुक्काम करावा का?

देवदार : शिमल्याकडूनच जा, अगदी कळकळीने सांगतेय. मी चार वर्षांपूर्वी दिवस वाचवायला म्हणून मनालीहून गेले होते. मनाली साधारण २,००० मीटरवर, आणि आम्ही त्याच संध्याकाळी चंद्रतालजवळच्या तंबूत, ४,२०० मीटरच्या आसपास! आईचं डोकं ठणकत होतं. तो एकदम उंचीवर गेल्याचा, विरळ हवेचा त्रास होता, पण प्रवासाचा शीण असेल म्हणून मी तिला चहा देत राहिले. रात्री दोनला तिला आडवं होता येईना. दोन उशा पाठीशी लावून ती बसून होती, आणि टॉर्चच्या उजेडात मला तिचे ओठ निळसर दिसले. उजाडायच्या आत गाडी परत फिरवली. बोगदा ओलांडून खाली उतरलो, तेव्हा कुठे ती म्हणाली, "काहीतरी खायला दे गं."

पुढच्या वर्षी तिला शिमल्याकडून नेलं. पहिली रात्र नारकंडा, मग दोन रात्री कल्पा (२,९६० मीटर, सकाळी समोर किन्नर कैलास). नाकोला फक्त जेवायला थांबलो, कारण ते ३,६०० च्या वर आहे. मुक्काम ताबोला, ३,२८० वर. मग दोन रात्री काझा. हिक्कीमचं पोस्ट ऑफिस ४,४०० मीटरवर आहे, तिथून आईने स्वतःच्या हाताने मावशीला कार्ड टाकलं. पण झोपायला परत काझाला. दिवसा चढा, रात्री खाली या, एवढं पाळलं तर बरंच साधतं.

ताबो मात्र घाईत उरकू नका. ९९६ सालचा मठ, बाहेरून नुसत्या मातीच्या भिंती. आत अंधार, डोळे सरावायला वेळ लागतो. मग भिंतीतून एकेक मूर्ती पुढे येऊ लागते, तीही मातीचीच, आणि मागे निळ्या-तांबड्या रंगातली चित्रं. फोटो काढायला मनाई आहे, ते बरंच आहे.

चंद्रताल या खेपेला सोडा. आणि निघण्याआधी बाबांच्या डॉक्टरांना मार्ग, उंची सगळं सांगा.

रानफूल : देवदारशी सहमत. परतताना कुंझुम खिंडीवरून मनालीला उतरलात तरी चालेल, तोवर अंगाला सवय झालेली असते. रस्ता खडबडीत आहे, पहाटेच निघा. पेट्रोल काझाला भरून घ्या, रोख पैसे जवळ ठेवा. भारतीयांना परवाना लागत नाही, ओळखपत्र पुरे. लांग्झा गावात मुलं जीवाश्म विकायला आणतात, ते कृपया घेऊ नका. सप्टेंबरात किन्नरची सफरचंदं मात्र भरपूर खा.

पायवाट : खूप आभार. शिमलाच ठरलं. आईला ताबोचं वाचून दाखवलं, तिला जायचंच आहे. तिचे गुडघे दुखतात. चढ आहे का तिथे?

देवदार : नाही, ताबो सपाटीवर आहे, गाडी जवळ जाते. दारं बुटकी आहेत, वाकताना तेवढा हात द्या. काझाजवळच्या की मठाला पायऱ्या आहेत, तिथे काकूंना हळूहळू न्या.