योम किप्पूरला आजाऱ्याने मोजून खावं की सरळ जेवावं?

कडूलिंब:
योम किप्पूर, म्हणजे कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंचा दारफाळणीचा सण. २५ तास अन्न नाही, पाणी नाही. आजाऱ्याला सूट आहे, पण बरेच रब्बी (ज्यू धर्मगुरू) आधी ‘शिऊरिम’ सुचवतात: एका वेळी ३० मि.ली.पेक्षा कमी अन्न, पाणी एका गालात मावेल त्याहून कमी (साधारण ४० मि.ली.), आणि दोन वेळांमध्ये ९ मिनिटं. अ‍ॅनोरेक्सिया (वजन वाढायच्या भीतीने खाणं तोडण्याचा मानसिक आजार) असलेल्याला हे सांगूच नये असं माझं मत. मापाचा पेला, घड्याळ, मोजलेला घास... अहो, हाच तर आजार! त्यांना उपचारात ठरलेली जेवणं आणि मधली खाणी द्या, नेहमीच्या ताटात. आणि वाढणारं दुसरं कुणीतरी हवं.

रेवदंडा_बोट:
एका आजारावरून सगळा नियम मोडीत काढू नका. लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) घेणाऱ्याचा प्रश्न भुकेपेक्षा पाण्याचा आहे. अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं, त्याच्यासोबत लिथियमही अडकतं आणि रक्तातली पातळी चढते. मग हातांची थरथर वाढते, उलट्या-जुलाब, जीभ जड, चालताना झोक जातो. इतकं झालं तर माप बाजूला ठेवून थेट दवाखाना. पण आधीपासून दर ९ मिनिटांनी ४० मि.ली. घेतलं तर तासाला पाव लिटरच्या वर पाणी जातं. डॉक्टर हो म्हणाले तर भागतं, आणि सणही हातचा जात नाही. स्वतःच्या मनाने गोळी चुकवणं हा मात्र मूर्खपणा.

कडूलिंब:
लिथियमचं मान्य. पण जेवलं की सण हातचा जातो हे कुणी सांगितलं? शुल्हान अरूख हा ज्यू धर्मनियमांचा ग्रंथ, त्यातला ओरह हाईम भाग, कलम ६१८ बघा. योम किप्पूरला जेवलेल्या आजाऱ्याने जेवणानंतरच्या प्रार्थनेत त्या दिवसाचा उल्लेख करायचा असतो. त्याच्यासाठी प्रार्थनेत जागा ठेवलीय, आणि आपण त्याला स्वयंपाकघराचं दार लावून जेवायला बसवतो.

मधलंघर:
निर्णय कोणाचा, हे दोघांनीही सोडलंत. तालमुद हा ज्यूंचा जुना धर्मग्रंथ, त्यात योमा ८३अ: आजारी ‘खायला हवं’ म्हणाला आणि शंभर वैद्य ‘नको’ म्हणाले तरी आजाऱ्याचं ऐकायचं. उलट तो ‘नको’ आणि वैद्य ‘हवं’ म्हणत असेल तर वैद्याचं. अ‍ॅनोरेक्सियाला हा दुसरा भाग लागतो. म्हणून रब्बींकडे रुग्णाला एकटं पाठवू नये. ‘आता बरी आहे’ सांगून उपवासाची परवानगी घेऊन येतात. सणाच्या दोनेक आठवडे आधी डॉक्टर आणि रब्बींचं थेट बोलणं व्हावं.

रेवदंडा_बोट:
बरोबर. ओसीडीतही (तीच शंका पुन्हा पुन्हा छळते तो मानसिक आजार) शिऊरिम नकोच. ‘३० होतं की ३१’ यातच अख्खा दिवस जाईल. तिथे एकदाच विचारायचं, उत्तर लिहून घ्यायचं, दुसऱ्या रब्बींकडे जायचं नाही. पुन्हा पुन्हा विचारणं ही त्या आजाराची खाज, खाजवली की वाढते. पण डिप्रेशन आटोक्यात आहे, गोळी उपवासात चालते असं डॉक्टर म्हणतात, अशा माणसाला कशाला ‘जेवा’ म्हणायचं? सरसकट नको.

कडूलिंब:
सरसकट म्हटलंय कुणी? पहिली पोस्ट परत वाचा, अ‍ॅनोरेक्सिया लिहिलंय.