वय २ वर्षं १० महिने, शब्द नाहीत: ओटी किती, स्पीच किती, घरी काय?

करंजी:
मुलगा २ वर्षं १० महिने. ऑटिझमचं निदान झालंय, कानांची बेरा तपासणी (ऐकू येतं का ते बघणारी) नॉर्मल. हवी ती वस्तू मिळवायला मोठ्यांचा हात धरून नेतो, बोट दाखवत नाही. सेंटरचं पॅकेज: रोज ४५ मिनिटं ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), आठवड्यातून दोनदा स्पीच (बोलण्या-संवादाची थेरपी), पालक बाहेर बसणार. हे प्रमाण ठीक आहे का? घरी नेमकं काय करायचं? आणि चित्रकार्डं दिली की मूल बोलायचं थांबतं, हे खरं का?

खडूफळा:
प्रमाणाआधी लेखी ध्येयं मागा. 'बोलणं सुधारेल' हे ध्येय नव्हे. 'तीन महिन्यांत, न विचारता, दोन वेगळ्या माणसांकडे, दिवसातून ५ वेळा मागेल' हे ध्येय, कारण ते मोजता येतं. ओटीत झोपाळा असेल तर तो कशासाठी, हेही विचारा. झोके देऊन मध्येच थांबवला आणि मुलाच्या नजरेची किंवा आवाजाची वाट पाहिली, तर त्याच झोपाळ्यावर संवाद शिकवता येतो. नाहीतर तो ४५ मिनिटांचा नुसता झोपाळा.

'पालक बाहेर' हे मात्र मान्य करू नका. गोवा आणि रावळपिंडीत झालेली एक चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. त्यात प्रशिक्षण दिलेले बिगरतज्ज्ञ कार्यकर्ते पालक-मुलाच्या खेळाचं चित्रण करून तेच पालकांसोबत बघत. पालक मुलाच्या लक्षाशी जुळवून घेऊ लागले आणि मुलांचा पुढाकार वाढला. ऑटिझम गेला असा दावा त्यात नाही. पण शिकवायचं कोणाला, ते यातून कळतं.

तिळगूळ:
कार्डांनी बोलणं थांबतं, हे खरं नाही. थांबतं ते कार्डं चुकीच्या पद्धतीने वापरल्यावर मागणं. पेक्स म्हणजे चित्रकार्ड हातात देऊन मागायला शिकवण्याची पद्धत. तिच्या सहा टप्प्यांपैकी पहिला नीट करा, बहुतेक घोळ तिथेच होतो.

खाण्याचा पदार्थ घ्या, बिस्किटाचे नखाएवढे ८–१० तुकडे. (शेंगदाणे नकोत, या वयात घशात अडकतात.) पोट भरलेलं नसावं. दोन मोठी माणसं लागतात. समोरचा तुकडा दाखवतो, मधे एकच कार्ड. मूल तुकड्याकडे हात नेईल तेव्हा मागचा माणूस गप्प राहून त्याचा हात कार्डाकडे वळवतो, कार्ड उचलून समोरच्याच्या तळहातावर ठेवायला लावतो. कार्ड पडताक्षणी समोरचा 'बिस्कीट!' म्हणून तुकडा देतो. मग मागच्याची मदत हळूहळू कमी, शेवटच्या कृतीपासून सुरुवात करून.

नेहमीच्या चुका: 'काय हवंय?' विचारणं (मग मूल प्रश्न येईपर्यंत थांबायला शिकतं), तळहात आधीच पसरून ठेवणं, मागच्या माणसाने बोलणं, आणि रोज फक्त आईने घेणं. दुसऱ्या टप्प्यात माणूस आणि कार्ड लांब जातात. तिसऱ्यात निवड: बिस्कीट आणि मोजा, दोन कार्डं. मोज्याचं कार्ड दिलं तर हसू आलं तरी मोजाच द्यायचा.

शब्दांचंही ठरवा. सेंटरवर 'मोअर', आईकडे 'अजून', आजीकडे 'आणखी', म्हणजे एका मागणीला तीन शब्द. घरची भाषा मराठी असेल तर थेरपिस्टलाही 'अजून' वापरायला सांगा. 'दे', 'उघड', 'नको', 'झालं' हे पुढचे चार. आणि 'तुला बिस्कीट हवंय का?' टाळा. ऐकलेलं जसंच्या तसं म्हणणारी मुलं पुढे हेच वाक्य मागणी म्हणून वापरतात. त्याने जे म्हणावं तेच म्हणा: 'बिस्कीट दे.'

आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे ॲप मोफत आहे, त्यात मराठीही आहे. पण आधी कागदी कार्ड, मग टॅबलेट. नाहीतर मूल माणसाकडे न येता पडद्याकडे जातं.

फाइलवाला:
कागदपत्रांचं काम आजच सुरू करा. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग सिव्हिलमध्ये तपासणी. तिथल्या इसा चाचणीत (ऑटिझम मोजायची भारतीय चाचणी) ४० मुद्दे, प्रत्येकी १ ते ५ गुण, ७० पासून पुढे ऑटिझम धरतात. लहान मुलांचं प्रमाणपत्र तात्पुरतं असतं, मुदत संपण्याआधी नूतनीकरण. ते आल्यावर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा निरामया आरोग्य विमा घ्या: कमाल १ लाख, थेरपीला आतमध्ये वेगळी मर्यादा. बिलं मूळ हवीत, तारीखवार, सही-शिक्क्यासह. स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षकांकडे आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक मागा. ओटीची नोंदणी राज्याच्या वेगळ्या परिषदेकडे असते, त्यांच्याकडे आरसीआय मागून वाद घालू नका.

आणि कोणी स्टेम सेलचं पॅकेज पुढे केलं तर उठून या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ सालीच ऑटिझमसाठी त्याची शिफारस करू नये असं सांगितलंय.

करंजी:
दिवसा घरी एकच मोठं माणूस असतं. मागचा माणूस कुठून आणायचा?

तिळगूळ:
पहिला टप्पा संध्याकाळी, दोघं असताना, १५ मिनिटं. एकट्याने करू नका. समोरच्यानेच हात धरला की मूल तुमच्याच मदतीची वाट बघतं. दिवसा कार्डं बाजूला ठेवून रोजच्या कामात थांबे घ्या. बुडबुड्यांच्या बाटलीचं झाकण घट्ट लावून त्याच्या हातात द्या, पाच अंक मनात मोजा. बघितलं, आवाज काढला किंवा बाटली परत दिली की 'उघड' म्हणा आणि लगेच उघडा. पाच मोजूनही काही झालं नाही तर स्वतःच 'उघड' म्हणून उघडा. रडेपर्यंत ताणू नका.