फियाट ११०० डिलाइट: स्पर्धेत उभी करायची की रस्त्यावर पळवायची? रंगाच्या आधी ठरवायचंय

धरमपेठ_११००
नमस्कार मंडळी. १९६८ ची फियाट ११०० डिलाइट आहे, कॉलम गिअर (स्टिअरिंगजवळचा), पासिंग नागपूरचीच, जुना तीन अक्षरी नंबर. गाडी सध्या डेंटरकडे पूर्ण उघडून ठेवली आहे. फ्लोअर आणि डावी सिल (दारांखालची पोकळ पट्टी) नवीन पत्रा घालून वेल्ड झाली, बाकीची बॉडी साफ पत्र्यावर आणली आहे. इंजिन बोअर होऊन आलं, अजून बांधलेलं नाही. सीटचं रेक्झिन मूळचं आहे, ड्रायव्हरच्या बाजूची शिवण उसवली आहे. बंपर, ग्रिल आणि हबकॅप क्रोमला जायचे आहेत.

हिवाळ्यात जुन्या गाड्यांच्या प्रदर्शन-स्पर्धेत उतरवायची इच्छा आहे. पण रविवारी सकाळी रामटेकला, कधी वर्ध्याला, कधी चिखलदऱ्यालाही न्यायची आहे. पेंटर म्हणतो क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) मारून आरशासारखी करतो. ओळखीतले दोघं म्हणतात एवढा खर्च केल्यावर गाडी कव्हरखालीच ठेवा. दोन्ही साधता येईल का? आणि पैसे मर्यादित असतील तर आधी कुठे घालायचे?

कॉलमशिफ्ट
भाऊ, दोन्ही साधेल, पण दोन्हीकडे पहिला नंबर येणार नाही. बहुतेक स्पर्धांत गाडी पूर्ण गुणांनी सुरू होते आणि परीक्षक एकेका उणिवेचे गुण कापत जातात. चालणाऱ्या गाडीच्या नाकावर खडीचे टिचके पडतात, टॅपेट कव्हरखाली तेलाचा ओलावा येतो, चाकांच्या आतल्या बाजूला ब्रेकची काळी भुकटी बसते. हे कापले जाणारे थोडे गुण आधीच मान्य करा, मग बाकीचे निर्णय सोपे जातात. माझं स्पष्ट मत: गाडी चालवायच्या हिशेबाने बांधा आणि चालत्या अवस्थेत स्पर्धेत न्या.

तुमची पहिली काळजी रंगाची नसून सिलची असायला हवी. फियाट ११०० ला वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा आहे. सिल आणि फ्लोअर मिळून गाडीचा भार पेलतात. सिल कापताना दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाकून आधार दिला नसेल तर बॉडी मधून एखाद दोन मिलिमीटर बसलेली असू शकते. प्रायमरच्या आधी इंजिन आणि सीट नुसत्या ठेवून गाडी चारही चाकांवर उभी करा, दारं लावा आणि मागच्या कडेची फट वर, मध्ये, खाली मोजा. वर फट दाबलेली आणि खाली मोकळी दिसली तर बॉडी बसली आहे. पेंटर ते पुट्टीने झाकेल. परीक्षकाला कदाचित कळणारही नाही, पण चिखलदऱ्याच्या रस्त्यावर त्या पुट्टीला तडा जाईल.

साफ पत्रा पावसाळी हवेत एका रात्रीत तांबूस होतो, म्हणून त्यावर ताबडतोब इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. सांध्यांचं सीलर आणि पुट्टी इपॉक्सीच्या वर, उघड्या पत्र्यावर कधीच नाही. पॉलिस्टर पुट्टी ओल शोषते आणि दोन पावसाळ्यांत खालून फुगते. पुट्टी दोन मिलिमीटरच्या वर लागत असेल तर डेंटरला परत ठोकायला लावा. मग टूके (हार्डनर मिसळायचा, दोन भागांचा) फिलर प्रायमर, ३२०, ४००, ६०० चा कागद लाकडी ठोकळ्यावर, आणि शेवटी रंग. क्लिअर कोट नको. १९६८ च्या गाडीवर साधा सॉलिड रंग होता, त्याची चमक काचेसारखी नव्हती. टूकेचाच सॉलिड रंग थेट ग्लॉसमध्ये मारा. टिकतो, टिचका पडला तर तेवढाच भाग दुरुस्त होतो, आणि मूळपणाचे गुणही जात नाहीत.

रंग झाल्यावर दारांच्या आणि सिलच्या खालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करून घ्या. पुट्टीने हमखास बुजतात. मग सिलच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स. आपल्याकडची काळी माती पुढच्या मडगार्डच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात, दाराच्या खांबाला लागून बसते आणि दिवसेंदिवस ओल धरून ठेवते. ही गाडी तिथूनच सडते. पावसात चालवली की पुढची चाकं काढून तो कोपरा आतून पाइपने धुवायचा, नुसतं वरून पाणी मारून ती माती निघत नाही. खालून जाड रबरी अंडरकोट मारू नका. गुणही जातात आणि त्याच्या मागे लागलेला गंज दिसतही नाही.

कंडेन्सर
वरचं सगळं पटतं. इंजिन अजून बांधलेलं नाही म्हणता, तर नागपूरचा उन्हाळा आणि आजचं पेट्रोल धरूनच बांधा.

पंपावर आता इथेनॉल मिसळलेलं ई२० येतं. शुद्ध पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते, ई२० ला १३.५ च्या आसपास. म्हणजे मूळ जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) मिश्रण आठ-नऊ टक्के पातळ होतं, पेट्रोल कमी पडतं. ४५ अंशाच्या दुपारी पातळ मिश्रण म्हणजे तापलेलं हेड, खटखट आणि मेलेला पिकअप. सोलेक्स कार्बोरेटरच्या मेन जेटवरचा आकडा हा भोकाचा व्यास असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० असेल तर १२५ लावा, क्षेत्रफळ साडेआठ टक्के वाढतं, हिशेब जुळतो. मग प्लगचा रंग बघा: फिकट पांढरा म्हणजे अजून पातळ, बदामी म्हणजे बरोबर. जुना जेट फेकू नका. जेट रीमरने मोठा करू नका, भोकाच्या तोंडाचा आकार बिघडतो.

जुने रबरी पाइप इथेनॉलने आधी फुगतात, मग भेगाळतात. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळे आर९ दर्जाचे, आतून व्हायटॉनचं अस्तर असलेले घ्या. पंपाचा डायफ्रॅमही इथेनॉल सोसणारा हवा. नाहीतर तो फाटला की पेट्रोल सरळ चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तेलात उतरतं. डिपस्टिकचा वास घ्यायची सवय ठेवा, पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू करू नका.

गाडी गरम असताना बंद केली आणि दहा मिनिटांनी सुरूच होत नाही, ही मे महिन्यातली नेहमीची तक्रार. फिरत्या हवेचा गारवा थांबला की इंजिनला चिकटलेला पंप तापतो आणि पेट्रोलची वाफ होते. डायफ्रॅम पंपाला वाफ ओढता येत नाही. लाइन एक्झॉस्टपासून किमान इंचभर लांब न्या, कार्बोरेटरखाली बेकलाइटचा स्पेसर द्या. तरी भागलं नाही तर टाकीजवळ मदतीला इलेक्ट्रिक पंप, दाब दोन ते तीन पीएसआयच. त्याहून जास्त दिला की सोलेक्सची सुई धरत नाही, कार्बोरेटर उतू जातो आणि गरम एक्झॉस्टवर पेट्रोल टपकतं. ऑइल प्रेशर पडलं की बंद होईल असा स्विच त्या पंपाला असलाच पाहिजे.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला कोणीही मिस्त्री देईल. ऐकू नका. हिवाळ्याच्या सकाळी इंजिन तापतच नाही, चोक लांबतो, तेल पातळ होतं आणि सिलिंडर झिजतात. उन्हाळ्यात गाडी तापत असेल तर दोष रेडिएटरचा, बोअरवेलच्या पाण्याचे क्षार नळ्यांत बसलेले असतात. रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, जमलं तर कोरच नवीन. हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्यामुळे साधं पाणी नको, डिस्टिल्ड पाण्यात ३० टक्के कूलंट पुरे. आपल्याकडे पाणी गोठायचा प्रश्न नाही, कूलंट लागतं ते गंज आणि क्षार अडवायला.

तेल साधं मिनरल २०डब्ल्यू-५०. टॅपेट सपाट आहेत, कॅमला जस्त-फॉस्फरस लागतं. नव्या गाड्यांच्या पातळ तेलांत ते मुद्दाम कमी ठेवलेलं असतं.

मैदानातला
चालवायच्या बाजूने सगळे बोलले, मी स्पर्धेची बाजू मांडतो. स्पर्धेमुळेच लोक मूळ क्लिप शोधतात, मूळ वायरिंगचे रंग जपतात. नाहीतर प्रत्येक फियाटच्या बोनेटखाली आज नवा गोंधळ दिसला असता. आणि जगातली मोठी मैदानंही चालणाऱ्या गाडीला मान देतात. अमेरिकेतल्या पेबल बीचला स्पर्धेच्या आधी रस्त्यावरचा टूर असतो, आणि गटात दोन गाड्यांचे गुण सारखे झाले तर टूर पूर्ण केलेली गाडी वर जाते. फिवाच्या (जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) २०१२ च्या ट्युरिन सनदेतही जुन्या गाड्यांचं जतन आणि जबाबदारीने वापर, दोन्ही एकत्रच धरले आहेत.

तुमचं सगळ्यात मोलाचं काम रेक्झिनचं आहे. सीट बदलू नका. उसवलेली शिवण जुन्याच भोकांतून हाताने घालून घ्या, आतून कापडाची पट्टी द्या. वापराच्या खुणा असलेलं मूळ रेक्झिन नव्या चकचकीत सीटपेक्षा जास्त गुण मिळवतं, निदान परीक्षक जाणते असतील तिथे तरी. नवीन घातलेल्या भागांवर न दिसणाऱ्या जागी खूण करा आणि वहीत नोंद ठेवा.

गुण कुठे जातात? आधुनिक वर्म ड्राइव्ह हौज क्लिप, पिवळसर प्लेटिंगचे बोल्ट, स्टिकरसकट मेंटेनन्स-फ्री बॅटरी, रेडियल टायर. यातलं बरंचसं एका संध्याकाळी बदलता येतं. ५.२०-१४ चे मूळ पद्धतीचे क्रॉसप्लाय टायर एका जादा चाकांच्या सेटवर ठेवा, रस्त्यासाठी दुसऱ्या सेटवर जवळच्या मापाचे रेडियल. दोन्ही प्रकार एका गाडीवर एकत्र कधी लावू नका, वळणावर पुढची-मागची पकड वेगळी होते. ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन घालणार असाल तर असा घ्या की डिस्ट्रिब्युटरला भोक पाडावं लागणार नाही. पॉइंटच ठेवणार असाल तर गॅप ०.४२ ते ०.४८ मिलिमीटर, आणि एक जादा कंडेन्सर डिक्कीत. उष्णतेत कंडेन्सर न सांगता मरतो.

क्रोमला देताना फक्त क्रोम किती चढवणार हे विचारू नका, निकेल किती ते विचारा. क्रोमचा थर मायक्रॉनच्या अंशाएवढाच असतो, गंज अडवतं ते खालचं निकेल. बाहेर फिरणाऱ्या गाडीला २० ते ३० मायक्रॉन हवं. हबकॅपवरची अक्षरं बफिंगमध्ये पुसली जातात, ते आधी बजावून ठेवा. आणि टूलकिट, जॅक, हँडबुक आत्तापासून शोधा. ऐन वेळी कुर्ल्यात नाहीतर काश्मिरी गेटला मिळेल या भरवशावर राहू नका.

एमएच३१
कागदांचं कोणी बोललं नाही म्हणून. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरची, मूळ रूपात असलेली, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरणाला ५,०००. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्या नोंदणीला व्हीए मालिकेतला मिळतो. अर्ज फॉर्म २० वर, सोबत विमा आणि जुनं आरसी.

पण नीट वाचा: व्हिंटेज नोंदणीची गाडी रस्त्यावर फक्त प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं आणि देखभाल यासाठीच काढता येते. रविवारची रामटेकची चक्कर त्यात बसत नाही. तुमचं मन रस्त्यावर असेल तर नेहमीची नोंदणीच पाच-पाच वर्षांनी नूतन करत राहा, पर्यावरण कर भरा. कुठलाही रस्ता निवडा, पण बॉडीवर ठोकलेला चेसिस नंबर पुट्टीखाली जाऊ देऊ नका. रंगाच्या आधी फोटो आणि पेन्सिल प्रिंट घेऊन ठेवा. फ्लोअर आणि सिलच्या कामाचे आधीचे-नंतरचे फोटो आणि बिलंही फाइलला लावा.

धरमपेठ_११००
फटी मोजतो आधी, रंग थांबवला. व्हिंटेज नोंदणीचा विचारही सोडला. एकच विचारायचं राहिलं. पावसाळ्यात गाडी उभीच राहणार. दर रविवारी दहा मिनिटं जागेवर सुरू करून ठेवली तर चालेल ना?

कंडेन्सर
तेच करू नका. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. जागेवरच्या दहा मिनिटांत सायलेन्सर तेवढा तापत नाही, पाणी आतच साचतं आणि तो आतून कुजतो. चोकवर चाललेलं पेट्रोल तेलात उतरतं ते वेगळंच. उघडीप असेल तेव्हा २५-३० किलोमीटर चालवून आणा, नाहीतर हात लावू नका.

पूर्ण उभी ठेवायची असेल तर तेल आधी बदला, जुन्या तेलातलं आम्ल बेअरिंग खातं. टाकी काठोकाठ भरा, म्हणजे दमट हवेला आत जागा राहत नाही. टाकीकडून येणारी लाइन बंद करून इंजिन स्वतः बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे सोलेक्सच्या वाटीत डिंक बसणार नाही. टायरमध्ये ४० पीएसआय, हँडब्रेक सोडलेला, चाकांना ठोकळे. क्लच पेडल लाकडाने दाबून ठेवा, नाहीतर पावसाळ्यानंतर प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली सापडते. बॅटरी काढून फ्लोट चार्जरवर. कव्हर सुती, प्लास्टिकची ताडपत्री नको, तिच्याखाली दव धरतं.

बाहेर काढताना आधी ब्रेक. डॉट ३ ऑइल ओल शोषतं. कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, ओल शोषलेल्याचा १४० पर्यंत उतरतो, आणि चारही चाकांना ड्रम असलेल्या गाडीला चिखलदऱ्याच्या उतारावर हा फरक जाणवतो. दोन वर्षांतून एकदा पूर्ण बदला. उतारावर ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा.