लंडनमध्ये एकच मोकळा दिवस, विधी शाखेचे २४ विद्यार्थी: काय बघावं, कोणत्या क्रमाने?

विधीशाखा_पुणे
जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या विधी महाविद्यालयाचा अभ्यासदौरा लंडनला आहे. २४ विद्यार्थी, २ शिक्षक, मुक्काम किंग्ज क्रॉसजवळ. बुधवार पूर्ण मोकळा आहे. कायद्याशी नातं असलेलं लंडन बघायचंय आणि बाबासाहेबांचं घर काही झालं तरी चुकवायचं नाही. ओल्ड बेली हे फौजदारी न्यायालयही मनात आहे. क्रम कसा लावावा? प्रवासाचा पास काढावा का?

टेम्सकाठी
बुधवार मिळाला हे फार चांगलं. सर्वोच्च न्यायालयात शुक्रवारी सहसा सुनावणी नसते आणि शनिवार-रविवारी तर यातलं निम्मं बंद. ऑगस्ट-सप्टेंबरात न्यायालयांना मोठी सुट्टी असते, ती अडचणही जूनमध्ये नाही.

सुरुवात पार्लमेंट स्क्वेअरच्या सर्वोच्च न्यायालयापासून करा. किंग्ज क्रॉसहून व्हिक्टोरिया लाइनने ग्रीन पार्क, तिथून ज्युबिली लाइनने पुढचंच स्टेशन वेस्टमिन्स्टर. सुनावणी १०.३० ला सुरू होते, तुम्ही १० ला दारात हवेत, कारण सुरक्षा तपासणीत २६ जणांना वेळ जातोच. हे न्यायालय २००९ मध्ये सुरू झालं. प्रिव्ही कौन्सिलची न्यायिक समितीही आता याच इमारतीत बसते. १९४९ पर्यंत भारतातली अपिलं याच समितीकडे जात, हे मुलांना आत शिरण्याआधी सांगून ठेवा, म्हणजे नुसती इमारत बघितल्यासारखं होणार नाही. प्रेक्षकांच्या जागा मोजक्या, त्यामुळे दोन-तीन दालनांत गट वाटून बसवा. कोणता खटला आहे ते संकेतस्थळावर आधी बघून त्याचा सारांश वाचून घ्या. न वाचता गेलात तर दहा मिनिटांत कंटाळा येतो.

११.४५ ला निघून वेस्टमिन्स्टरहून टेंपल, दोनच स्टेशनं. तिथून चालत रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिस, म्हणजे उच्च न्यायालय आणि अपील न्यायालयाची इमारत. १ ते २ न्यायालयाची जेवणाची सुट्टी असते, म्हणून १२ ते १२.४५ एवढाच वेळ हाताशी. इथे एक गोष्ट कडक पाळा: १९२५ च्या फौजदारी न्याय कायद्याच्या कलम ४१ नुसार न्यायालयात फोटो काढणं गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाला हे कलम लागू नाही, आणि घोटाळा होतो तो इथेच. सकाळी तिकडे फोटो चालले म्हणून मुलं इकडेही फोन काढतात. आत शिरण्यापूर्वी सगळ्यांचे फोन बंद करून घ्या.

ओल्ड बेली या दिवसातून काढा. तिथे फोन आणि पिशव्या आत नेता येत नाहीत आणि ठेवायला जागाही देत नाहीत. २६ जणांचं सामान सांभाळण्यात दुपार जाईल.

ग्रेज_इन_रोड
वरच्या क्रमाला पुढे जोडतो. रॉयल कोर्ट्सच्या मागेच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आहे आणि तिथून पंधरा मिनिटं चालत ग्रेज इन, म्हणजे बॅरिस्टरांची जुनी संस्था. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये या दोन्ही ठिकाणी प्रवेश घेतला होता. ग्रेज इनची बाग लोकांसाठी सोमवार ते शुक्रवार दुपारी १२ ते २.३० एवढीच उघडी असते, म्हणून डबे तिथेच खा. या वेळा आदल्या दिवशी पुन्हा तपासा.

डब्याबद्दल: दुकानातल्या सँडविचवर ‘व्हेजिटेरियन’ लिहिलं असलं तरी आत अंडं असू शकतं. अंडं न खाणाऱ्यांनी ‘व्हीगन’ लिहिलेलंच उचलावं.

मग चान्सरी लेनहून सेंट्रल लाइनने टॉटनहॅम कोर्ट रोड, तिथे नॉर्दर्न लाइन बदलून चॉक फार्म. नॉर्दर्न लाइनला कॅम्डन टाउननंतर दोन फाटे फुटतात. तुम्हाला एजवेअरची गाडी हवी. हाय बार्नेटची आली तर कॅम्डन टाउनला उतरून बदला. अर्धा गट एका गाडीत आणि अर्धा दुसरीत, असं इथेच होतं. आधीच ठरवून टाका: जो चुकला त्याने पुढच्या स्टेशनावर उतरून फलाटावरच थांबायचं, शिक्षक तिथे येतील.

१० किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहिले होते, दर्शनी भिंतीवर निळी पाटी आहे. भेट आधी नोंदवा. वस्ती राहती आहे आणि संग्रहालयाला शेजाऱ्यांनी हरकत घेतली होती, परवानगीचा वाद २०२० मध्ये मिटला. म्हणून पदपथावर घोषणा, भाषण, मोठा ग्रुप फोटो नको. दहा-बारा जणांचे गट करून आत जा, बाकीच्यांना तोवर जवळच्या प्रिमरोझ हिलवर बसवा. वरून अख्खं लंडन दिसतं. स्वच्छतागृह रॉयल कोर्ट्समध्येच उरकून घ्या, शेवटच्या टप्प्यात शोधत बसावं लागेल.

टेम्सकाठी
पास नको. प्रत्येकाने आपलं कॉन्टॅक्टलेस व्हिसा किंवा मास्टरकार्ड वापरावं, दिवसाच्या कमाल भाड्यावर कापणी आपोआप थांबते. मात्र एका कार्डावर एकच माणूस. आत जाताना कार्ड आणि बाहेर पडताना तेच कार्ड जोडलेला फोन लावला, तर यंत्राला ती दोन वेगळी कार्डं वाटतात आणि दोन अपुऱ्या प्रवासांचं कमाल भाडं कापलं जातं. बसमध्ये फक्त चढताना लावायचं, रोख घेत नाहीत.

विधीशाखा_पुणे
आभारी आहे, ओल्ड बेली वगळतो. पुण्याहून निघण्यापूर्वी कार्डांचं काही करावं लागेल का?

ग्रेज_इन_रोड
हो. बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस हे दोन्ही वेगवेगळे सुरू करावे लागतात. एकच केलं तर गेट उघडत नाही. परदेशी व्यवहाराचं शुल्कही बँकेला आधी विचारून घ्या.