स्पॅनिश मालिकांमधली 'तुझी मुलं, माझी मुलं' इतकी आपली का वाटतात?

घोडबंदरवाली: सध्या सबटायटल लावून 'लॉस सेरानो' बघतेय, २००३ ते २००८ स्पेनच्या तेलेसिंको चॅनलवर होती ती. दिएगो विधुर, तीन मुलगे, आणि लुसिया दोन मुली घेऊन त्याच्या घरात येते, स्टोरी एवढीच पण मला सोडवतच नाहीये. माझंही दुसरं लग्न आहे, ह्यांचा मुलगा नऊ वर्षांचा, मला काहीच हाक मारत नाही, नुसता समोर येऊन उभा राहतो. अजून कोणी बघतं का? काय आवडतं नेमकं?

नेरूळकर: मी बघितलीय. एकेक भाग तासाहून मोठा असतो, त्यामुळे भांडण निवांत होतं आणि मिटायलाही वेळ मिळतो. आपल्याकडे सावत्र आई दारात आली की म्युझिक चढतं नि कारस्थानं सुरू, इथे लुसिया शाळेत शिकवते, वैतागते, चुकते, परत जवळ घेते, अगदी घरातल्या बाईसारखी. हाक मारेल हो तो, घाई नका करू.

कळवा_नाका: दिएगोचा मुलगा मार्कोस आणि लुसियाची मुलगी एव्हा यांचं प्रेम मात्र मला पचलं नाही, एका घरात भाऊबहीण म्हणून आणलेली पोरं ना ती! आणि शेवट वाचायचा नसेल तर इथेच थांबा, सगळं दिएगोचं स्वप्न निघतं. फार लागलं मला ते, इतकी वर्षं जपलेलं घर एका झटक्यात नाहीच म्हणायचं?

घोडबंदरवाली: शेवट वाचला, तरी बघणारच. काल शाळेतून येताना रिक्षात त्याने दप्तर माझ्या मांडीवर ठेवलं, न विचारता.